पीएलएच्या पिशवीसाठी सायट्रेट की पीबीएटी?

पीएलए म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनणारे कंपोस्टेबल (कुजून खत होणारे) प्लास्टिक. त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी लहान कारखानदारापुढे साधारणपणे दोन वाटा असतात: सायट्रेटसारखा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारे द्रव्य) घालणे किंवा पीबीएटी या मऊ, कंपोस्टेबल प्लास्टिकचे मिश्रण करणे. भोसरीच्या आमच्या ब्लोन फिल्म युनिटमध्ये (वितळलेले प्लास्टिक हवेने फुगवून पातळ फिल्म काढतात तिथे) मी दोन्ही प्रकारचा माल काढला आहे. पुढील मत अर्थात त्या अनुभवापुरतेच धरावे.

सायट्रेटची बाजू लंगडी नाही. फिल्म पारदर्शक राहते, आणि ताज्या रोलची पिशवी हाताला इतकी मऊ लागते की गिऱ्हाईक तिथेच होकार देते. अडचण सुरू होते ती माल गोदामात पडून राहिल्यावर. पीएलएचे काच-संक्रमण तापमान (ज्याखाली प्लास्टिक काचेसारखे कडक असते) 60 अंश सेल्सियसच्या आसपास असते; प्लास्टिसायझर ते बरेच खाली आणतो म्हणून फिल्म लवचिक होते, पण त्याच मोकळीकीमुळे पीएलएच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू स्फटिकरूप घेऊ लागतात आणि आतले सायट्रेट पृष्ठभागाकडे ढकलले जाते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तर याला वेळ लागत नाही. पिशवी पुन्हा कडक होते, वर तेलकट थर येतो आणि छपाईची शाई बोटाला लागून निघते. मला सर्वाधिक छळले ते या शाईने. कंपोस्टेबल पिशवीवर तसा उल्लेख छापणे नियमानेच बंधनकारक असल्यामुळे पुसट छपाई ही केवळ दिसण्यापुरती बाब राहत नाही. कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून फिल्मवर दिलेली विजेची प्रक्रिया) वाढवली, शाईही बदलली. थोडे दिवस बरे वाटले, इतकेच.

पीबीएटी ही स्वतःच लांब साखळी असल्यामुळे ती अशी बाहेर झिरपत नाही, आणि माझ्या मते एवढ्यावरच पारडे झुकते. मात्र पीएलए आणि पीबीएटी एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून दोघांच्या टोकांना सांधणारा इपॉक्सी प्रकारचा चेन एक्स्टेंडर शेकडा एकाहूनही कमी प्रमाणात घालावा लागतो; हात सैल सुटला तर फिल्ममध्ये जेलचे (न वितळणाऱ्या गाठींचे) ठिपके दिसतात. फिल्म दुधाळ होते, थर चिकटू नयेत म्हणून थोडी टाल्क (शंखजिऱ्याची पूड) लागते, आणि पीबीएटीचा कच्चा माल बहुतांशी खनिज तेलातून येतो, हा आक्षेपही खराच आहे.

पारदर्शकतेचा आग्रह असेल आणि माल लगेच खपणार असेल, तर सायट्रेट कदाचित पुरेल. भाजीच्या किंवा कचऱ्याच्या पिशव्यांसाठी मी पीबीएटीच घेईन, तेही ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या मिश्रण-यंत्रावर) कंपाउंड केलेले, म्हणजे आधीच मिसळलेले, दाणे मागवून, कारण फिल्म मशिनच्या एकेरी स्क्रूवर हे मिश्रण सहसा एकजीव होत नाही.