लाल मातीतले पांढरे कॅनव्हास बूट : पावसाळा ते उन्हाळा, घरच्या धुलाईचा अनुभव

रत्नागिरीत राहून पांढरे कॅनव्हासचे बूट रोज घालायचे, तर त्यांच्या धुलाईची तयारी आधीच ठेवावी लागते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, सड्यावरून, म्हणजे खडकाळ माळावरून, वाहून येणारी जांभ्या दगडाची लाल माती आणि खारा, दमट वारा हे तिन्ही कापडी बुटांच्या मुळावर उठलेले आहेत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी एक पांढरा आणि एक गडद निळा असे दोन जोड घेतले, या उन्हाळ्यापर्यंत आलटून पालटून वापरले आणि दोन्ही घरीच, हाताने धुतले. माझे मत आधीच सांगून टाकते : साबण कोणता वापरला याने फारसा फरक पडत नाही, बूट किती विसळले आणि कसे वाळवले यावर सगळे ठरते.

जांभ्याच्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो आणि तिचे कण इतके बारीक असतात की ओल्या चिखलावर ब्रश चालवला तर ते सुताच्या विणीत आणखी खोल जाऊन बसतात. तेलकट मळ साबण सोडवतो. ही माती मात्र साबणात विरघळत नाही, ती झाडूनच काढावी लागते. म्हणून चिखलाने माखलेले बूट घरी आल्याबरोबर डोणीतल्या पाण्यात बुडवण्याचा मोह आवरावा. ते पडवीत पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावेत, मग तळ एकमेकांवर आपटावेत आणि कोरड्या मऊ ब्रशने माती झाडावी. जुलै महिन्यात नुसत्या सुकण्यालाच दीड-दोन दिवस लागतात, हे खरे आहे. पण निम्मे काम याच टप्प्यावर होते आणि पुढे पाणीही कमी लागते.

धुण्यापूर्वी नाड्या आणि सुकतळे बाहेर काढावेत. नाड्या तशाच ठेवल्या तर त्यांच्याखालचे कापड मळकेच राहते, आणि घामाचा वास तर सुकतळ्यातच मुरलेला असतो. कोमट पाणी, झाकणभर सौम्य द्रव साबण आणि जुना टूथब्रश एवढे साहित्य पुरते. भांडी घासायचा काथ्या किंवा फरशीचा ताठ ब्रश वापरू नये, कारण त्याने सुताचे तंतू उचकटतात आणि कापडावर लव आली की तिथे पुढची माती लवकर धरते. सर्वांत चिवट जागा म्हणजे कापड आणि रबराची पट्टी जिथे मिळतात ती खाच. करंगळीच्या बाजूला, चालताना बूट जिथे मुडपतो, तिथे एक बारीक लाल रेघ हटून बसते. टूथब्रश आडवा फिरवून ती निघत नाही. ब्रशचे टोक खाचेत उभे धरून, खाचेच्याच दिशेने पुढे नेत राहिले म्हणजे ती हळूहळू फिकी होते.

डाग एकाच ठिकाणी असला तरी बूट सगळा भिजवावा. केवळ डागापुरते पाणी लावले तर डाग जातो, पण ओल्या भागाच्या कडेला पिवळसर तांबूस वर्तुळ उमटते. पाणी कापडातून पसरताना मळ बरोबर नेते आणि शेवटी जिथे सुकते तिथे तो सोडून देते. वाळवण्याची सारी युक्ती याच गोष्टीवर उभी आहे; त्याविषयी पुढे लिहिते.

पांढऱ्या जोडासाठी मी ऑक्सिजन ब्लीच या नावाने मिळणारी पूड वापरते. तिच्यातला मुख्य घटक सोडियम परकार्बोनेट असतो आणि पाण्यात त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड व धुण्याचा सोडा तयार होतो. गार पाण्यात हे काम फार मंद चालते, त्यामुळे पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा थोडे गरमच घ्यावे. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पूड आणि अर्धा तास भिजवणे पुरेसे होते. त्याहून अधिक वेळ बूट पाण्यात ठेवल्यास चिकटवलेला तळ सुटण्याची भीती असते. चहाचे, गवताचे, घामाचे डाग आणि बुरशीचे करडे ठिपके यांवर या पुडीचा गुण निर्विवाद आहे. लाल मातीवर मात्र, पाकिटावर काहीही छापलेले असो, तिचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण मातीतले लोह आधीच ऑक्सिजनशी जोडले गेलेले असते. उरलेले द्रावण बंद बाटलीत ठेवू नये. आतून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

झाडून आणि धुऊनही जी तांबूस छटा राहते, तिच्यावर लिंबूसत्त्वाचे पाणी थोडेफार चालते. नाड्यांच्या लोखंडी कड्यांभोवती खाऱ्या हवेने जो गंजाचा डाग पडतो, त्यावर ते अधिक चांगले चालते, कारण सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात आणते. शेजारच्या काकूंनी आमसुलाचा सल्ला दिला होता. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात, यात शंका नाही. पण पांढऱ्या कापडावर त्याचा स्वतःचाच जांभळट डाग बसायचा, म्हणून मी तो मान राखून बाजूला ठेवला.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेसाळणारा लेप लावण्याची जी पद्धत सगळीकडे दाखवली जाते, ती मला निव्वळ देखावा वाटते. सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्ल, त्यामुळे फेस ओसरला की दोघांचाही गुण संपतो आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरते. सोड्याचा लेप एकटा लावला तर वास कमी होतो, तेवढे त्याचे श्रेय त्याला द्यावे. क्लोरीनच्या ब्लीचला मात्र बुटांजवळ येऊ देऊ नये. त्याने सुती धागा कमजोर होतो, कापड अनेकदा पिवळे पडते, आणि ते व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता विसळणे. पांढरे बूट धुतल्यावर पिवळे पडतात ही तक्रार सर्वांचीच असते, आणि त्यामागे बहुतेक वेळा कापडात राहिलेला साबण व सोडा असतो. पाणी नितळ निघेपर्यंत बादली बदलत राहावे, जाड शिवणी बोटांनी दाबून पाहाव्यात आणि फेस आला तर पुन्हा विसळावे. अगदी शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरे व्हिनेगर घातले की उरलासुरला सोडा मारला जातो. मग बूट जुन्या टॉवेलमध्ये दाबून टिपावेत, आत कोरा कागद कोंबावा आणि बाहेरूनही पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद ओलसर कापडाला चिकटेल असा गुंडाळावा. पाणी बाहेर पडताना पिवळा मळ घेऊन येते आणि कापडाऐवजी कागदावर सोडते. पहिल्या धुलाईनंतर टाचेवरचा कागद उलगडला, तेव्हा त्यावर फिकट चहासारखा पट्टा स्पष्ट दिसत होता. वर्तमानपत्र वापरू नये, शाई उतरते. बूट सावलीत, वाऱ्याला ठेवावेत. मे महिन्याच्या कडक उन्हात रबर लवकर कडक होते आणि चिकटवण सैल पडते.

समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या बुटांचा प्रकार वेगळा आहे. ते कितीही वाळवले तरी दमटच लागतात, कारण कापडात राहिलेले मीठ, विशेषतः त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड, हवेतला ओलावा ओढून घेत राहते. भाट्ये किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर साबणाआधी विहिरीच्या साध्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या खर्च कराव्यात, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पावसाळ्यात न वापरलेला जोड बंद खोक्यात ठेवला की आठवड्याभरात बुरशी धरते, कारण सूत हे तिचे खाद्यच आहे. फ्रीजच्या मागची उबदार जागा हा त्यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय. तिथे बूट रात्रभरात सुकतात आणि घरातल्या माणसांची बोलणीही फार खावी लागत नाहीत. शाळेत कवायतीच्या दिवशी बुटांना लावायचो ते पांढरे पॉलिश इथल्या पावसात पहिल्याच सरीला पँटवर उतरते. नीळ बरी, पण अगदी पातळ. शिवणीत साचली की निळसर रेघा दिसतात.

निळ्या जोडाला ऑक्सिजन ब्लीच लावलेले नाही, रंग फिकट होण्याचा धोका नको म्हणून. त्याच्यावर लाल माती कमी दिसते, मिठाचे पांढरे पट्टे मात्र अधिक दिसतात. रबराच्या पट्टीवरचा वरवरचा काळेपणा दोन्ही जोडांवर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने निघतो. पांढऱ्या जोडाच्या पट्टीला या उन्हाळ्यात जो पिवळेपणा आला आहे, तो रबराच्या वयाचा आहे आणि वर सांगितलेल्यांपैकी कशानेही गेलेला नाही.