प्लाझा मायोरचा नाणेबाजार: आधी चांदण्या वाचा, मग पाकीट काढा

माद्रिदला लेकीकडे मुक्काम असला की रविवारची माझी सकाळ प्लाझा मायोरच्या कमानींखाली जाते. मेट्रोनं सोलला उतरायचं आणि थोडं चाललं की चौक. तिथे रविवारी आणि सुटीच्या दिवशी नाण्यांची, तिकिटांची, जुन्या नोटांची टेबलं लागतात. दोनच्या सुमारास आवराआवर सुरू होते, म्हणून न्याहारी उरकली की निघावं. तिकिटांतलं मला कळत नाही. नाण्यांतलं थोडं कळतं, कारण नोकरी बँकेत कॅश काउंटरवर गेली.

आधी स्वस्त माल. उघड्या खोक्यांमध्ये पेसेतांचा, म्हणजे युरोआधीच्या स्पॅनिश चलनाचा, नुसता खुर्दा पडलेला असतो. स्पेनच्या मध्यवर्ती बँकेनं पेसेता बदलून देणं ३० जून २०२१ला कायमचं बंद केलं, त्यामुळे या चिल्लरीला आता धातूपलीकडे फारशी किंमत नाही. नातवंडांसाठी मूठभर घ्या, अल्बमसाठी घेऊ नका. खरी मजा पुठ्ठ्याच्या चौकटीत पिना मारून ठेवलेल्या चांदीच्या नाण्यांत आहे, त्यातही 'दुरो'त. दुरो म्हणजे पाच पेसेतांचं नाणं: २५ ग्रॅम वजन, ३७ मिलिमीटर व्यास, ९०० कसाची चांदी. म्हणजे साडेबावीस ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाचा चांदीचा भाव पाहून निघालात की त्याखाली कोणी देणार नाही हे कळतं, आणि त्याच्यावर किती द्यायचं एवढाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न चांदण्या सोडवतात. स्पेनच्या नाण्यांवर सालाशेजारी सहा टोकांच्या बारीक चांदण्या असतात आणि त्यांच्या पोटात आकडे. मोठ्या अक्षरातलं साल कायद्यानं ठरलेलं. नाणं प्रत्यक्ष पाडलं कधी, ते चांदणीत. मी घेतलेल्या दुरोवर राजा अमादेओ पहिला आहे, साल १८७१. भिंग लावलं तर डाव्या चांदणीत १८, उजवीत ७४, म्हणजे १८७४. अमादेओनं गादी सोडली फेब्रुवारी १८७३मध्ये! राजा निघून गेला तरी टाकसाळ त्याच्याच तोंडाचे दुरो पाडत होती. बाजूला डीई-एम ही अक्षरं आहेत, ती टाकसाळीतल्या जबाबदार अधिकाऱ्यांच्या नावांची. त्याच सालाच्या, पण ७१ची चांदणी असलेल्या दुरोवर एसडी-एम दिसतं. चांदणी आणि अक्षरं जुळली नाहीत तर नाणं हातातून खाली ठेवावं.

गोम अशी की नाण्यावर सगळ्यात आधी झिजतात त्या चांदण्याच. विक्रेता नाण्याला एमबीसी म्हणजे 'बरंच चांगलं' असा शेरा देतो, आणि भिंगाखाली चांदणीची जागा सपाट. अशा दुरोला मी चांदीच्या भावावर जेमतेम थोडं देतो. याउलट आकडे स्वच्छ वाचता येत असतील तर काळपट नाणंही घ्यावं. काळपटपणाला घाबरू नका. लखलखीत दुरो दिसला तर मात्र सावध व्हा. कोणीतरी देवाची भांडी घासावीत तसा तो घासलेला असतो. आणि घरी आणून तुम्हीही पीतांबरी लावू नका, हात जोडून सांगतो. किंमत निम्म्यावर येते.

वजनकाटा खिशात ठेवतोच, पण स्पेनमध्ये त्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे या बाजारानं शिकवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी इतकी स्वस्त झाली की पाच पेसेतांच्या नाण्यात पाच पेसेतांची चांदीच राहिली नाही. मग खोटी नाणी पाडणाऱ्यांनी सरळ चांगली चांदी वापरून दुरो पाडले आणि मधला फरक खिशात घातला. या 'सेविल्यानो' दुरोंचा बोभाटा एवढा झाला की १९०८मध्ये सरकारला ते परत गोळा करावे लागले. वजन बरोबर, कस बरोबर, वाजवलं तरी खणखणीत, आणि नाणं खोटं! आयुष्यभर नाणं वाजवून घेतलेल्या माणसाला याहून मोठा धडा नाही. ओळखायचं ते अक्षरांच्या वळणावरून, चेहऱ्याच्या बारीक रेषांवरून, शेजारी खात्रीचं नाणं ठेवून.

काटा खरा उपयोगी पडतो तो आठ रेआलला. राजाचं तोंड असलेलं अठराव्या शतकाच्या अखेरचं हे मोठं नाणं साधारण २७ ग्रॅमचं, आणि कडेवर गोल-चौकोन-गोल अशी नक्षी. एका टेबलावर मी काटा काढला तर विक्रेत्यानं नाणंच उचलून पेटीत ठेवलं. लेक म्हणाली, "बाबा, त्याला राग आला वाटतं." राग कसला, उत्तर मिळालं मला. आठ रेआल इथे, उघड्यावर, नवख्यानं घेऊच नये. ते पावती आणि परत घेण्याची हमी देणाऱ्या दुकानातून घ्यावं.

तसंच १९६६ सालच्या १०० पेसेतांचं. १९ ग्रॅम, ८०० कसाची चांदी, बाजारात ढिगानं मिळतं. पण चांदणीत ६९ असलेलं दुर्मिळ, आणि त्यातही नऊचा दांडा सरळ की वाकडा यावर किंमत ठरते. साहजिकच त्या नऊवर हातचलाखी करणारे आहेत. ६६ किंवा ६७ घ्या, चांदीच्या भावात सुंदर नाणं मिळतं.

बाजाराचे दोष: बऱ्याच टेबलांवर किंमत लिहिलेली नसते, आणि पर्यटक दिसला की आकडा फुगतो. स्पॅनिश येत नसेल तर कोणीतरी बरोबर हवं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतली नाणी नीट पाहा. हिरवट चिकट थर दिसला तर ते पाकीट नाणं खात बसलंय. घासाघीस चालते, पण तुळशीबागेसारखी नाही. दोन-तीन नाणी एकदम घेतली तर थोडं कमी होतं, बास. बहुतेक म्हातारे विक्रेते मात्र न विकता शिकवतात. चांदणीत ७३ की ७५ या माझ्या शंकेपायी एकानं आपलं भिंग दिलं, स्वतःचा दुरो शेजारी ठेवला आणि दोन्ही आकडे दाखवले.

एक व्यवहाराची गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू स्पेनबाहेर नेण्याबाबत १९८५च्या वारसा कायद्यात परवान्याची तरतूद आहे. भारतात नाणी आणायची असतील तर खरेदी करतानाच विक्रेत्याला त्याबद्दल विचारा आणि पावती मागून घ्या. माझा अमादेओ सध्या लेकीच्या कपाटात आहे.

पाचपैकी चार. पाचवा गुण किमतीच्या चिठ्ठ्या लावल्यावर.