लॉन ठेवावं की रान माजू द्यावं?

बंगल्यापुढच्या चार-पाचशे चौरस फुटांचं काय करायचं, या विचारात असाल तर मी दोन्ही करून बसलोय. आधी चार वर्षं मेक्सिकन लॉन, आता तीन पावसाळे नुसतं रान.

लॉन देखणं दिसतं, वादच नाही. पाण्याचा आणि माळ्याचा खर्च तुम्ही धरलाच असेल. मला छळलं ते लव्हाळ्यानं. चार सरी पडल्या की गालिच्यातून त्याची पाती वर. ओढलं तर पातं हातात, कंद जमिनीत. खुरप्यानं उकरलं तर काळसर, शेंगदाण्याएवढा कंद, त्याला दोऱ्यासारखं मूळ आणि दोऱ्याच्या टोकाला आणखी एक कंद. बोटांना नागरमोथ्याचा वास, जणू उटणं लावलंय. एका रविवारी पाटीभर काढले. पंधरा दिवसांत जैसे थे. चौथ्या पावसाळ्यात खुरपं ठेवून दिलं.

ब्रिटनमध्ये प्लँटलाइफ ही संस्था लोकांना मे महिन्यात गवत कापू नका म्हणते. आपल्याकडे मेमध्ये कापायला गवत असतं कुठे! आपला हिशोब जून ते ऑक्टोबर. हरळी, केना, टाकळा, एकदांडी आपली आपणच आली. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. अळी इतकी पानाच्या रंगाची, की मला ती कुरतडलेल्या कडेवरूनच सापडते. बी धरलं की मुनिया येतात. एकेक काडी पक्ष्याच्या वजनानं वाकते आणि तो तसाच लोंबकळत खात राहतो. गणपतीतल्या दूर्वा-आघाड्याला मंडई गाठावी लागत नाही, हा वरकड फायदा.

ताप आहेच. गाजरगवत (देशात त्याची पहिली नोंद 1955 च्या सुमारास आमच्या पुण्यातलीच) फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटावं लागतं. सापाकिरड्याच्या भीतीनं फाटक ते दार चार फुटी पट्टा मी कापलेलाच ठेवतो. डिसेंबरात बी झडलं की बाकीचं विळ्यानं कापतो. त्यापुढे मेअखेर अंगण भकास दिसतं, "माळी सोडून गेला का हो?" असं पाहुणे विचारतात.

घरात रांगतं मूल असेल तर निदान दोन वर्षं लॉनच बरं, असं मला वाटतं. बाकी तुमची मर्जी. लव्हाळा माझ्याकडे अजूनही असेल, टाकळ्याच्या सावलीत कुठेतरी. मी शोधत नाही.