युरिया की कुजलेलं शेणखत? दोन हंगामांनंतर, भेंडीवरच्या माव्याच्या हिशेबाने

दोन हंगाम झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या हंगामात भेंडीच्या निम्म्या वाफ्यांना युरिया, निम्म्यांना शेणखत. बियाणं एकच, पाणी एकच. सुरुवातीला शेणखताच्या वाफ्यांकडे बघून जीव खालीवर व्हायचा. युरियाची भेंडी काळपट हिरवी, रुंद पानांची, आणि शेजारची फिकट, रेंगाळत वाढणारी.

मग मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आला. दोन्हीकडे आला, उगाच खोटं कशाला बोला. फरक दिसला तो पुढच्या आठवड्यात. युरियाच्या झाडाचं शेंड्याजवळचं पान उलटलं की शिरांच्या कडेने माव्याची दाटी, मध्ये टाकलेल्या पांढऱ्या काती, खालचं पान चिकट्याने चकाकतंय आणि खोडावर मुंग्यांची ये-जा. रोज दहा पानांवरचा मावा मोजायचा असं ठरवलं होतं. युरियाच्या बाजूला चौथ्या दिवशीच नाद सोडला. शेणखताच्या पानांवर मोजता येईल इतकाच होता, आणि त्यातही एक ढालकिड्याची अळी ताव मारत होती.

मावा शिरेतला रस पितो. त्या रसात साखर भरपूर, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) तुटपुंजी, आणि माव्याची वाढ तिथेच अडते. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), तेही झटकन लागू पडणारं. एकदम आलेल्या एवढ्या नत्राची प्रथिनं करणं झाडाला झेपत नाही, मग रसातली सुटी अमिनो आम्लं वाढतात. पानही लुसलुशीत होतं, सोंड सहज शिरते. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडाभरात स्वतः विऊ लागतात. खुराक जरा वाढला तरी पिल्लावळ कुठच्या कुठे जाते.

आता शेणखताचं रडगाणं. त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का. किलोभर युरियातलं नत्र द्यायचं तर नव्वदेक किलो शेणखत ओढा, आणि तेही सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. पहिला तोडा उशिरा आला. शिवाय एका वाफ्यात घाईने अर्धकच्चं शेण टाकलं. रोपं उभ्या उभ्या सुकली. उपटली तर मुळं कुरतडलेली आणि मातीत अर्धचंद्रासारखी वळलेली पांढरी हुमणी, म्हणजे अर्धकच्च्या शेणातून आलेली मुळं खाणारी अळी. चूक सर्वस्वी माझी.

दुसऱ्या हंगामात काही वाफ्यांत मधला रस्ता काढला. कुजलेलं खत लागवडीआधी, युरिया निम्माच, तोही तीन हप्त्यांत, सोबत पोटॅश, म्हणजे पालाश देणारं खत. पालाश कमी पडलं की साखर आणि सुटी अमिनो आम्लं पानांतच साचतात, म्हणजे किडीला पुन्हा मेजवानी. इथे मावा नुसत्या शेणखतापेक्षा थोडा जास्त, भरमसाट युरियापेक्षा कितीतरी कमी, आणि तोडे वेळेवर. माझं मत याच वाफ्यांना. फळ पोखरणाऱ्या अळीने मात्र खत कोणतं ते विचारलं नाही, सगळीकडे सारखीच.

कोंबडीखतवाल्यांनी शेणखताचा हा अनुभव जसाच्या तसा धरू नये. ते सेंद्रिय खरं, पण नत्र शेणखताच्या कितीतरी पट आणि लवकर सुटणारं.

तिसऱ्या हंगामाचे वाफे सध्या भरतोय. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला, तर घमेलं तसंच पालथं ठेवून परत येतो.