मॅकबेथचं मराठी गाईड घेतलं, हाव सापडली पण मन गायब

जळगावला भाचीच्या एमएसाठी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाचं हे गाईड घेतलं, प्रकाशकाचं नाव जाऊ द्या. फॉन्ट मोठा, पाचही अंकांचा गोषवारा सोप्या मराठीत, दहा मार्कांच्या उत्तराला लागतं तेवढं सगळं आहे, त्याचे दोन स्टार. बाकी तीन कापले.

पानोपानी एकच पालुपद, महत्त्वाकांक्षेने मॅकबेथचा घात केला. अरे भो, महत्त्वाकांक्षा तर आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला असते, तेवढ्यावर कुणी शोकांतिकेचा नायक होतो का? याला डंकन राजाचा खून करायच्या आधीच सगळं कळतंय हो, पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात स्वतःच म्हणतो की डंकन माझा नातलग, माझा राजा, वरून आज माझ्याच घरी पाहुणा, आणि मारायला कारण काय तर नुसती हाव. बायकोला, म्हणजे लेडी मॅकबेथला, सांगतोही की आता पुढे जायचं नाही. तरी मारतोच. गाईडने हे दीड ओळीत उरकलंय.

खुनानंतरचा प्रवेश बघा, हात रक्ताने माखलेले, खंजीर तिथे ठेवायचे सोडून सोबत घेऊन आलाय, आणि डोक्यात काय तर शेजारच्या खोलीत कुणीतरी देवाचं नाव घेतलं तेव्हा माझ्या तोंडून 'आमेन' का नाही निघालं! बायको म्हणते थोडं पाणी घेतलं की झालं साफ. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालत हात चोळत असते, डाग जात नाही म्हणून, आणि तोवर नवरा मात्र पार निबर झालेला. गाईडने हे दोन प्रसंग वेगवेगळ्या प्रकरणांत टाकलेत, त्यामुळे पोरांना त्यातला धागा दिसतच नाही, आणि लेडी मॅकबेथ म्हणजे 'दुष्ट स्त्री' एवढंच पाठ होतं.

चुका पण आहेत. मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींनी खून करायला सांगितलं म्हणे. कुठे सांगितलं? तू राजा होशील एवढंच म्हणाल्या त्या, सुरा याच्या डोक्यातला. आणि 'सत्य घटनेवर आधारित' म्हणून ठोकून दिलंय, खरा डंकन १०४० साली लढाईत मेला, झोपेत नाही, आणि खऱ्या मॅकबेथने त्यानंतर चांगली १७ वर्षं राज्य केलं.

भाचीला सांगितलं, आधी लायब्ररीतून शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आण, ते याच नाटकावरून आहे, गाईड परीक्षेच्या आठवड्यात उघड. दुकानदाराने वीस टक्के सोडले, तेवढं मात्र बरं केलं.