छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातलं फिजिओ क्लिनिक : पळणाऱ्यांनी जावं का? पाचपैकी चार स्टार

चार स्टार देतोय, एक कुठं कापला ते खाली येईलच. हा रिव्ह्यू पळणाऱ्यांसाठी आहे हे आधीच सांगतो. मान आखडली, गुडघे घासले, खांदा जाम झाला अशांना इथं कसा अनुभव येतो ते बाकीच्यांच्या रिव्ह्यूत बघा.

माझं दुखणं म्हणजे डाव्या टाचेच्या वरची, पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी जाड शीर, अकिलीस टेंडन. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन धरली होती अन् ऐन मायलेज वाढवायच्या टायमाला शीर धरली. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली काही पावलं लंगडत, मग चहा होईस्तोवर मोकळी, पळायला लागलं की सुरुवातीला दुखणार अन् मग दोन-तीन किलोमीटरनंतर गायब, आपल्याला वाटतं झालं बरं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, वरून थोडं जास्तच. ज्यांना झालंय त्यांना पुढचं वाचायची पण गरज नाही, तरी वाचा.

इथं यायच्या आधी जे जे लोक सांगतात ते सगळं झालं होतं. मलम, गरम पाण्याची पिशवी, हळद-चुन्याचा लेप, ऑनलाइन मागवलेली सिलिकॉनची टाच, फोम रोलर, एका ओळखीच्या चोळणाऱ्याकडं जाऊन नस मोकळी करून घेणं. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणले, महिनाभर पळणं बंद, गोळ्या घ्या, नाहीच राहिलं तर त्या जागी इंजेक्शन देऊ. स्टेरॉइडचं इंजेक्शन या शिरेत दिलं तर शीर कमजोर होऊन तुटू शकते, हे मला नंतर इथं कळलं. बरं झालं तिथं परत गेलो नाही.

तर क्लिनिक. क्रीडा संकुलापासून चालत जाण्यासारखं आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असून नसल्यासारखी. फोनवरच सांगतात की जुने अन् नवे दोन्ही बूट घेऊन या अन् हाफ पँट घालून या. पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी एकाही मशीनला हात लावला नाही. पाऊण तास नुसती तपासणी. आधी बुटांचे तळवे उलटे करून पाहिले. माझ्या नव्या जोडाचा ड्रॉप, म्हणजे टाच अन् चवडा यांच्या उंचीतला फरक, ४ मिलिमीटर निघाला, जुन्याचा १० होता. टाच जितकी खाली जाते तितकं पोटरीला अन् या शिरेला जास्त काम पडतं, त्यामुळं एवढा बदल एकदम करायचा नसतो, हळूहळू करायचा. दुकानात मला फक्त रंग दाखवले होते.

मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली, थकेपर्यंत. उजव्यावर वीसच्या पुढं आरामात गेलो, डाव्यावर त्याच्या निम्म्यातच गाडी बंद. मग शीर चिमटीत धरून खालून वर दाबत गेल्या, टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर एका जागी मी जोरात ओरडलो, बाहेरच्या बाकावरचे लोक हसायले. ही जागा कुठली हे लई महत्त्वाचं आहे बरं का. मधोमध दुखत असेल तर व्यायाम एक, अन् शीर हाडाला जिथं चिकटते तिथं दुखत असेल तर दुसरा, मग टाच पायरीच्या खाली सोडायचीच नाही, सपाट जमिनीवर करायचं, नाहीतर शीर हाडावर दबून जास्त दुखते. व्हिडिओ बघून घरी करणारे बरेच जण इथंच फसतात.

प्रश्न पण असे विचारले की मला वाटलं नोकरीचा इंटरव्ह्यू चाललाय. ड्यूटी कुठं? वाळूजला, पूर्ण शिफ्ट उभ्याचं काम. पायात काय घालता? सेफ्टी शूज. त्यांचा मागचा कडक काठ बरोबर त्याच जागी घासतो हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. चढावर कुठं पळता? गोगाबाबा टेकडी, अन् रविवारी दौलताबादहून खुलताबादकडं चढणारा घाट. चढावर टाच खाली राहते अन् शीर पूर्ण ताणलेली असतानाच जोर मारते, म्हणजे जे टाळायचं नेमकं तेच. अन् मग विचारलं, "गेल्या काही महिन्यांत जुलाब, लघवीचं इन्फेक्शन असं काही होऊन सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी घेतलीय का?" म्हणलं मॅडम पोटाचा अन् पायाचा काय संबंध? तर आहे. अमेरिकेच्या एफडीएनं २००८ साली या गटातल्या अँटिबायोटिकवर शीर सुजण्याचा अन् तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला, अन् सगळ्यात जास्त धोका याच टाचेच्या शिरेला असतो. मी घेतली नव्हती, पण आपल्याकडं पोट बिघडलं की मेडिकलवर जाऊन चार गोळ्या मागायची पद्धत आहे, त्यामुळं हा प्रश्न सगळ्यांनीच स्वतःला विचारावा.

निदान काय सांगितलं ते माझ्या शब्दांत. शीर तुटलेली नाही, पण तिला झेपेल त्यापेक्षा जास्त काम दिलं गेलंय. पळताना प्रत्येक पावलाला या शिरेवर आपल्या वजनाच्या सहा-आठ पट जोर येतो. आराम केला की दुखणं थांबतं खरं, पण आरामानं तिची ताकद अजून कमी होते, म्हणून महिनाभर बसून परत पळायला गेलं की पहिल्याच आठवड्यात पहिल्यासारखं. हे ऐकून बाजूच्या बेडवर कंबर शेकत पडलेले गंगापूरकडचे एक मामा म्हणले, "बैल चार महिने दावणीला ठेवला अन् एकदम नांगराला जुंपला तर तो बसणारच की वो." मॅडम म्हणल्या, मामांना इथंच नोकरीला ठेवते.

म्हणजे उपाय काय तर त्याच शिरेला मोजून मापून काम देत जायचं. त्यांनी यामागचा किस्सा सांगितला तो मला लई आवडला. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर, स्वतः पळणारे, त्यांची हीच शीर दुखायली. ऑपरेशन करा म्हणून वरिष्ठांच्या मागं लागले तर वरिष्ठ नाही म्हणले, तुम्ही सुट्टीवर गेलात तर इथलं काम कोण करणार. मग या गड्यानं ठरवलं की शीर इतकी बिघडवायची की ऑपरेशन करावंच लागेल, अन् दुखत असताना पण टाचा खाली सोडायचा व्यायाम दाबून केला. शीर बरी झाली! पुढं १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी पळणाऱ्यांवर हेच १२ आठवडे करून पाहिलं अन् सगळे परत पळायला लागले. पायरीच्या काठावर चवडे ठेवायचे, चांगल्या पायानं वर जायचं, दुखऱ्या पायानं सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा थोडा वाकवून परत १५ चे तीन, अन् हे सगळं दिवसातून दोनदा, म्हणजे रोजचे १८०. गुडघा वाकवून का, तर तेव्हा पोटरीच्या आतल्या चपट्या स्नायूला काम लागतं, अन् लांब पळताना तोच जास्त राबतो.

आता शिफ्टवाल्या माणसाला रोज १८० जमतंय होय? हे मी तोंडावर बोललो. तर त्यांनी दुसरी पद्धत दिली, आठवड्यातून तीनदा, पण वजन घेऊन अन् एकदम हळू, वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद. डेन्मार्कमध्ये २०१५ साली या दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या, दुखणं दोन्हींनी जवळपास सारखंच कमी झालं, फक्त दुसरी पद्धत लोकांनी जास्त टिकवली. मी सॅकमध्ये ज्वारीची पिशवी टाकून घराच्या जिन्यात करायचो. बायको म्हणायची, दळून तरी आणा.

अन् जी गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटली ती म्हणजे पळणं बंद केलं नाही. २००७ चा कारिन सिल्बरनागेल यांचा एक अभ्यास आहे, त्यात व्यायाम करत करत काही लोकांचं पळणं चालू ठेवलं तरी त्यांचं नुकसान झालं नाही, पण एका नियमात. नियम असा, दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. पळताना पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीला आलं पाहिजे, अन् आठवड्यागणिक सकाळचं आखडणं वाढता कामा नये. वाढलं तर कालचं अंतर जास्त झालं, कमी करा. माझ्या बाबतीत टेकडी अन् घाट बंद, स्पीडचं काम बंद, सपाटीवर सावकाश, दिवसाआड, अन् मधल्या दिवशी सायकल. वहीत रोज सकाळचा मार्क लिहायचा. घड्याळातल्या पेसपेक्षा सकाळी पलंगावरून उतरतानाची पावलं जास्त खरं सांगतात. मॅडम वही खरंच वाचतात, एकदा लाँग रनच्या दुसऱ्या दिवशीचा रकाना कोरा होता तर विचारलं, "हे काऊन रिकामं? सहा होतं ना?" सहाच होतं.

संध्याकाळी इथं अर्धं वेटिंग भरतीच्या पोरा-पोरींचं असतं. जालना, बीड, परभणीकडून येऊन इथं रूम करून राहणारी लेकरं, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी (पोरींना ८००) डांबरी रोडवर झिजलेल्या बुटात पळतात अन् नडगी धरून येतात. प्रत्येकाला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे व्हायचंय, ज्यानं २०२० मध्ये दिल्लीची हाफ १ तास ३० सेकंदात मारली, अन् त्यात वावगं काय. या पोरांकडून मॅडम निम्मीच फी घेतात, हे मी काउंटरवर डोळ्यांनी पाहिलं. एका पोराची नडगी लांबवर दुखत नव्हती, नेमकी एका बोटाएवढ्या जागी दुखायली होती अन् रात्री झोपेत पण ठणकायची. त्याचा एक्स-रे नॉर्मल होता तरी त्याला व्यायाम न देता एमआरआय करून या म्हणून घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात पाठवलं, कारण हाडाला बारीक चीर असेल तर सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही. स्वतःच्या सिटिंग सोडून पेशंट दुसरीकडं पाठवणारे किती जण भेटतात?

आता एक स्टार कुठं गेला. पहिलं म्हणजे काउंटरवरचं पॅकेज. तपासणी झाली की तो पोरगा लगेच दहा सिटिंगचं पॅकेज पुढं करतो, त्यात आयएफटी (बारीक करंट देणारं मशीन), अल्ट्रासाऊंडचा शेक, टेपिंग सगळं. आत मॅडम सांगतात की या शिरेला मशीननं दोन घटका बरं वाटतं, खरं काम पायरीवरच होणार, अन् बाहेर मशीनचेच पैसे मागतात. हे जमत नाही बुवा. मी विचारलं तर मॅडम हसल्या अन् म्हणल्या, मशीन लावलं नाही तर लोकांना वाटतं काही केलंच नाही. खरंय ते पण, तरी रेटकार्डावर नुसतं तपासणी अन् व्यायाम असा एक पर्याय छापा की, आत्ता तो विचारला तरच मिळतो. मी विचारला, मिळाला, पंधरा दिवसांतून एकदा जाऊन वाढीव व्यायाम घ्यायचा, लई स्वस्तात पडलं.

दुसरं वेटिंग. सहाची अपॉइंटमेंट म्हणजे पावणेसात धरा. सेकंड शिफ्टवाल्यांनी सकाळची घ्या, तेव्हा रिकामं असतं. तिसरं, मॅडम सुट्टीवर असल्या की ज्युनिअर बघतात, स्वभावानं चांगले आहेत पण वही न बघता सगळ्यांना सारखाच व्यायाम देतात, त्या दिवशी शक्यतो जाऊ नका. व्यायामाचा कागद इंग्रजीत आहे, मामांसारख्यांनी तो कसा वाचायचा? मराठीत करा, दोन पानांचं तर काम आहे. पार्किंगचं बोलतच नाही.

गुण आला का, तर आला, पण जादू नाही. पहिला महिना तर वाटलं की उगाच जिना चढ-उतर करायलोय. दिवाळीच्या पुढं सकाळचं लंगडणं कमी झालं, थंडीत परत थोडं वाढलं, मग बसलं. मुंबईची हाफ पळालो, टाइम मागच्यापेक्षा बराच जास्त लागला, पेडर रोडच्या चढाला मॅडमच्या सांगण्याप्रमाणं पावलं छोटी टाकली अन् थोडं चाललो पण. दुसऱ्या दिवशी सकाळचा मार्क चार, तिसऱ्या दिवशी दोन. शिरेवरची गाठ अजून हाताला लागते, ती राहू शकते, दुखत नसेल तर तिच्या मागं लागू नका असं त्यांचं म्हणणं. वजनाचा व्यायाम आठवड्यातून दोनदा अजून चालूच आहे अन् टेकडी आत्ता कुठं उघडलीय, ती पण अर्धीच.

ज्यांना चार दिवसांत पळायचंय त्यांनी इथं जाऊन मॅडमचा अन् स्वतःचा वेळ घालवू नका. ज्यांच्याकडं तीन महिने आहेत अन् रोज घरी पंधरा-वीस मिनिटं काढायची तयारी आहे त्यांनी डोळे झाकून जा. अन् पळताना अचानक मागून कुणी लाथ मारल्यासारखं झालं, फट्ट आवाज आला अन् चवड्यावर उभं राहता येईना, तर इथं येऊ नका, सरळ हाडाच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी जा, तेव्हा शीर तुटलेली असू शकते.

रविवारी बंद. पैसे रोख किंवा क्यूआर कोडनं, कार्ड चालत नाही. सेफ्टी शूज वापरत असाल तर ते पण पिशवीत घालून न्या, बघतात.