एअरब्रश चांगला, कॉम्प्रेसरचं मात्र बघा

मी मॉडेल घोडे रंगवते, पण कुमैत घोड्याचे पाय साध्या ब्रशने रंगवणं मला कधीच जमलं नाही. गुडघ्याच्या वर तांबूस तपकिरी, खाली काळा, आणि मधे कुठे रेघ दिसता कामा नये. माझ्या घोड्यांनी काळे मोजे चढवल्यासारखं दिसायचं. ब्रेयर या मॉडेल घोड्यांच्या कंपनीतही घोडे एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या अवजाराने रंगवतात हे कळल्यावर चार महिन्यांपूर्वी मी एक संच घेऊन टाकला. त्यात ड्युअल अ‍ॅक्शन एअरब्रश, ०.३ मिमीचं नॉझल (रंग बाहेर पडतो ते टोक) आणि हवा दाबून देणारा, तळहातावर मावेल एवढा कॉम्प्रेसर. तेव्हापासून सहा घोडे रंगवलेत, चार मोठे १:९ प्रमाणातले आणि दोन चिमुकले १:३२ चे.

आधी एअरब्रशबद्दल, कारण तो खरंच चांगला निघाला. ड्युअल म्हणजे खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ऐकायला सोपं आहे, पण बोटाला ते कळेपर्यंत मी दोन आठवडे जुन्या पुठ्ठ्यांवर ठिपके मारत बसले होते. चुकायचं ते थांबताना. आधी खटका पुढे नेऊन रंग बंद करायचा आणि मग हवा सोडायची. मी दोन्ही एकदम सोडायचे. मग पुढच्या वेळी दाबलं की नॉझलमधल्या सुईच्या टोकाशी साचलेला रंग थुंकल्यासारखा बाहेर! पहिल्या घोडीच्या मानेवर तसे तीन डाग आहेत. घरात त्यांना माश्या म्हणतात.

हात बसल्यावर मात्र मजा आली. अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय, नॉझल पायापासून तीन बोटं लांब. पहिल्या हातात काहीच दिसत नाही आणि इथेच घाई होते. तिसऱ्या हाताला गुडघ्याखाली नुसती सावली पडल्यासारखं वाटतं, सहाव्याला खूर ते गुडघा काळा होतो, आणि वर तो काळा कुठे संपला ते मलाही सांगता येत नाही. सबजा, म्हणजे करड्या अंगावर फिकट ठिपके असलेल्या घोड्याला जास्त वेळ लागला. त्याचे ठिपके मी रंगवतच नाही, ठिपक्यांमधली करडी जाळी तेवढी रंगवते. त्यासाठी नॉझल अगदी जवळ न्यावं लागतं, आणि रंग जरा जास्त पातळ झाला की हवेने पसरून कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात.

आता कॉम्प्रेसर. याला टाकी नाही, त्यामुळे हवा धक्क्याधक्क्याने येते. पाठीवर-पोटावर फवारताना ते जाणवत नाही, पण जाळीची बारीक रेघ मण्यांच्या माळेसारखी उमटते. वीस मिनिटांत तो तापतो आणि दाब पडायला लागतो. पाणी अडवणारा फिल्टरही नाही. दमट दिवशी नळीतला एक थेंब सरळ पूर्ण झालेल्या पुठ्ठ्यावर जाऊन बसला (घोड्याच्या पुठ्ठ्यावर, कागदाच्या बसला असता तर चाललं असतं).

शिवाय संचात जादा सुई नाही. सफाई करताना माझी सुई बेसिनला टेकली, टोक केसाएवढं वाकलं आणि फवारा तिरका जायला लागला. नवी सुई येईपर्यंत दहा दिवस काम बंद. सफाई तर सतत करावीच लागते. अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर वाळतं, म्हणून दर काही मिनिटांनी क्लीनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा, आणि शेवटी सगळं सोडवून धुवायचं.

एक चूक संचाची नाही, माझीच. पंचकल्याणी घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा टेप लावून झाकला होता. टेप काढली तर खालच्या प्रायमरसकट (रंगाआधी देतात त्या अस्तरासकट) रंग निघून आला. घोडा आधी भांड्यांच्या साबणाने धुतलाच नव्हता. आता धुतल्याशिवाय एकही घोडा टेबलावर येत नाही. आणि रंग पाण्यातला असला तरी मास्क लावते, खिडकी उघडी ठेवते. पहिल्या दिवशी रुमालावर तपकिरी शिंक पाहिल्यापासून.

माझा सल्ला मागाल तर एअरब्रश सुटा मिळत असेल तर जरूर घ्या, सोबत एक जादा सुई मागवा आणि कॉम्प्रेसर टाकीवाला, आपोआप बंद होणारा बघा. मी शेवटी तोच घेतला. छोटा आता रंगवण्याआधी घोड्यांच्या कानांतली धूळ उडवायला वापरते, आणि ते काम तो उत्तम करतो.